ग्रीकांची लोकशाही : कोणाची आणि कोणासाठी?

विहारातल्या रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही संविधानावर बोलत होतो. बोलणे संपत आले तेव्हा कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "सर, आमच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की लोकशाही ग्रीकांनी जगाला दिली. मग आपली लोकशाही म्हणजे परक्यांची उसनवारीच म्हणायची का?" वर्गात थोडी कुजबुज झाली. एक ज्येष्ठ कार्यकर्ते लगेच म्हणाले, "ग्रीकांचं काय सांगता? त्यांच्याकडे गुलाम होते!" मुलगा खाली बसला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र राहून गेले.

हा लेख त्या मुलासाठी आहे, आणि त्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांसाठीही आहे. ग्रीकांसमोर हात जोडून उभे राहणे ही एक गुलामी आहे. उलट, जगातले सगळे आधी आमच्याकडेच होते असे छाती फुगवून सांगणे हा मनुवाद्यांचा धंदा आहे. तो आपण कशासाठी उचलायचा? आम्ही व्यवसायाने वकील आहोत. साक्षीदार समोर आला की त्याची उलटतपासणी घ्यायची, खरे निघेल ते नोंदवून घ्यायचे आणि खोटे निघेल ते दाखवून द्यायचे, हे आमचे काम. ग्रीक संस्कृतीला आज आपण याच पिंजऱ्यात उभे करू.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे की प्राचीन ग्रीस हे एक राष्ट्र नव्हते. डोंगर आणि समुद्र यांनी तोडलेल्या त्या भूमीत, बेटांवर आणि भूमध्य व काळ्या समुद्राच्या काठाकाठाने हजाराहून अधिक छोटी नगरराज्ये होती. अथेन्स, स्पार्टा, थीब्ज, कॉरिंथ ही त्यांतली मोठी नावे. भाषा एक, देव सारखे, पण कायदा आणि कारभार प्रत्येकाचा निराळा. इ.स.पू. आठव्या शतकाच्या सुमारास त्यांनी फिनिशियन व्यापाऱ्यांकडून अक्षरे घेतली आणि त्यांत स्वरांची चिन्हे घातली. अवघ्या दोन डझन चिन्हांत लिहिता-वाचता येऊ लागले. त्यांच्याकडे पुरोहित होते, यज्ञ होते, देवळे होती. परंतु अक्षरांवर पुरोहितांची मालकी नव्हती. विद्येवर एका वर्णाचे कुलूप नसले की काय घडते, ते पुढच्या तीनशे वर्षांत जगाने पाहिले.

थेल्सपासून पुढच्या विचारवंतांनी जगाची उत्पत्ती देवांच्या कथांऐवजी निसर्गातल्या कारणांत शोधली. हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी फेफरे या आजारावर एक पुस्तक लिहिले आणि त्यात बजावले की हा आजार इतर आजारांहून अधिक दैवी वगैरे काही नाही, त्यालाही नैसर्गिक कारण आहे. अंगात येणे, करणी, भानामती यांवर आजही आपल्या वस्त्यांत पैसा उधळला जातो. ते वैद्य मात्र सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी मांत्रिकांना ढोंगी म्हणत होते. युक्लिडने भूमितीला सिद्धतेची शिस्त लावली. एराटोस्थेनीसने इजिप्तमधल्या दोन ठिकाणच्या सावल्यांच्या फरकावरून पृथ्वीचा परीघ मोजला. ही कमाई खरी आहे आणि ती मान्य करताना आमची मान खाली जात नाही. ज्ञानाला जात नसते.

आता कायद्याकडे येऊ. क्रीट बेटावर गॉर्टिन नावाचे नगर होते. इ.स.पू. पाचव्या शतकात तिथला कायदा दगडी भिंतीवर कोरला गेला. ती भिंत आजही पाहता येते. त्यात बलात्काराचा दंड दिला आहे. स्वतंत्र माणसावर अत्याचार झाला तर शंभर स्टेटर, खालच्या दर्जाच्या स्वतंत्र माणसावर झाला तर दहा, दासावर झाला तर त्याहून कितीतरी कमी. आणि दासाने स्वतंत्र व्यक्तीवर केला तर दंड दुप्पट! वाचकहो, ओळखीचे वाटते ना? ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा दर्जा बघून दंड ठरवायचा, ही मनुस्मृतीचीच रीत. विषमतेचा कायदा सगळीकडे एकाच चेहऱ्याचा असतो. पण एक फरक आहे आणि तो लहान नाही. गॉर्टिनचा कायदा भर चौकात भिंतीवर होता, वाचता येईल त्याने वाचावा. आमच्याकडे ज्याच्यावर कायदा चालवायचा त्या शूद्राने धर्मग्रंथाचा शब्द ऐकला तरी शिक्षा सांगितलेली होती.

अथेन्सची कथा कर्जापासून सुरू होते. इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभी तिथला गरीब शेतकरी सावकाराच्या पाशात पूर्ण अडकला होता. कर्ज फिटले नाही की जमीन गहाण पडे; तेही पुरले नाही तर तो स्वतः आणि त्याची बायकापोरे सावकाराची होत. कित्येकांना परदेशात विकले गेले. इ.स.पू. ५९४ मध्ये सोलोनकडे सर्वाधिकार आले. त्याने गरिबांना गुलामीत लोटणारी कर्जे रद्द केली, माणसाचे शरीर तारण ठेवून कर्ज देण्यावर कायमची बंदी घातली, आणि परदेशी विकल्या गेलेल्यांपैकी अनेकांना परत आणले. या सुधारणेला ग्रीक भाषेत 'ओझे झटकणे' अशा अर्थाचे नाव आहे. सोलोनने जमिनीचे फेरवाटप केले नाही, श्रीमंतांची प्रतवारी तशीच ठेवली. तरीही अथेन्सचा नागरिक यापुढे कर्जापायी गुलाम होणार नव्हता. आपल्या देशात वेठबिगारी मोडणारा कायदा यायला १९७६ साल उजाडले, हे या ठिकाणी आठवावे.

त्यानंतर इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीस आला. आमच्या मते ग्रीकांच्या साऱ्या इतिहासात आंबेडकरी माणसाने सर्वांत बारकाईने अभ्यासावा असा हा माणूस आहे. अथेन्समध्ये तोवर चार कुळगट होते. माणूस कोणाचा, कोणत्या घराण्याचा, यावर त्याचे राजकारण ठरे. क्लेइस्थेनीसने ते चार गट राजकारणातून बाजूला सारले आणि दहा नवे गट तयार केले. प्रत्येक गटात थोडी वस्ती शहरातली, थोडी किनाऱ्यावरची, थोडी आतल्या मुलखातली. रक्ताचा संबंध तोडून राहत्या ठिकाणाचा संबंध जोडला. साधारण १४० गाव-वस्त्यांत नागरिकांची नोंद झाली. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील पुस्तकात याचे कारण दिले आहे ते मोठे मार्मिक आहे. लोकांनी एकमेकांना बापाच्या नावाने ओळखू नये, वस्तीच्या नावाने ओळखावे. नाहीतर नव्याने नागरिक झालेला माणूस बापाच्या नावावरून लगेच उघडा पडेल!

आपल्याकडे आजही गावात शिरलेल्या माणसाला "नाव काय?" विचारून कोणाचे समाधान होत नाही, आडनाव सांगेपर्यंत विचारतात. घरमालक आडनाव ऐकून खोली नाकारतो. अडीच हजार वर्षांपूर्वी एका माणसाला समजले होते की नाव हा केवळ उच्चार नाही, नाव हीच जात होऊ शकते. आणि समानता आणायची असेल तर नावाची ही व्यवस्थाच मोडावी लागते.

बाबासाहेबांनी याच क्लेइस्थेनीसच्या अथेन्सचा धागा संविधान सभेत उचलला होता, हे किती जणांना ठाऊक आहे? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी संवैधानिक नैतिकतेचा मुद्दा काढला. तेव्हा त्यांनी जॉर्ज ग्रोट या इंग्रज इतिहासकाराचा आधार घेतला. हा ग्रोट म्हणजे ग्रीसचा बारा खंडांचा इतिहास लिहिणारा विद्वान, आणि संवैधानिक नैतिकतेचे त्याचे विवेचन आले आहे ते क्लेइस्थेनीसच्या सुधारणांच्या संदर्भात. बाबासाहेबांचे म्हणणे असे की ही नैतिकता माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते; आणि भारताची मूळ भूमी लोकशाहीची नाही, लोकशाही हा तिच्यावर पसरलेला वरवरचा थर आहे. आज संवैधानिक नैतिकता हा शब्द न्यायालयांच्या निकालपत्रांत वारंवार येतो. तो कोणी आणला, कुठून आणला आणि कशासाठी आणला, हे मात्र विसरले जाते. त्या मुलाच्या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे. बाबासाहेबांनी ग्रीकांकडून जे घेतले ते पारखून घेतले.

अथेन्सची न्यायालये तर वकिलाला चक्रावून टाकणारी. तिथे आजच्यासारखा न्यायाधीश नव्हता आणि पेशाने वकीलही नव्हता. दर वर्षी तीस वर्षांवरील ६,००० नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडले जात. खासगी दाव्याला २०१ किंवा ४०१ जण, सार्वजनिक खटल्याला ५०१ किंवा त्याहून अधिक जण बसत. कोण कुठल्या न्यायालयात बसणार हे त्याच दिवशी सकाळी ठरे, म्हणजे लाच देण्याची सोयच नाही. त्यासाठी दगडी यंत्रे होती. त्यांच्या खाचांत नागरिकांच्या नावाच्या पट्ट्या खोचत. पक्षकाराने आपली बाजू स्वतःच मांडायची. फार तर पैसे देऊन भाषण लिहून घ्यायचे. दोन्ही बाजूंना मिळणारा वेळ पाण्याच्या घड्याळाने मोजला जाई, श्रीमंताला थेंबभर पाणी जास्त नाही. पेरिक्लीसच्या काळात या कामाला भत्ता सुरू झाला आणि पुढे तो दिवसाला तीन ओबोल झाला. रोजंदारी बुडवून गरीब माणूस न्यायदानाला येणार कसा, याचा विचार त्या लोकांनी केला होता. अधिकारपदेही बहुतेक चिठ्ठीने दिली जात. मतदानाने निवडायचे ते सेनापतीसारख्या मोजक्या पदांसाठी. निवडणुकीत पैसेवाला आणि घराणेवालाच जिंकतो, असे ग्रीकांचे मत होते. ते चूक होते असे म्हणण्याचे धाडस आजच्या निवडणुका पाहून कोण करील?

गरिबाला हा अधिकार कोणी दान दिला नव्हता. इ.स.पू. ४८० मध्ये सॅलॅमिसच्या लढाईत इराणच्या आरमाराचा पराभव झाला तो जहाजे वल्हवणाऱ्या भूमिहीन नागरिकांच्या बाहुबळावर. ज्याच्या हातात वल्हे, त्याला सभेत आवाज, असे समीकरण त्यानंतर झाले. हक्क मागून मिळत नाहीत, हे सूत्र तिथेही खरे ठरले.

आता उलटतपासणीचा दुसरा भाग. हे नागरिक म्हणजे कोण? इ.स.पू. ४५१ मध्ये त्याच पेरिक्लीसने कायदा केला की आई आणि बाप दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक. लोकशाही जसजशी गरिबांच्या फायद्याची झाली, तसतसे तिचे दार बाहेरच्यांसाठी घट्ट बंद झाले. इ.स.पू. ३४६ मध्ये तर ठराव झाला की प्रत्येक वस्तीने आपली यादी वाचावी, एकेका नावावर मतदान घ्यावे आणि संशयित नावे काढून टाकावीत. या यादी-तपासणीतला एक खटला आज आपल्या हातात आहे. तो वाचताना आम्हाला आमचे पक्षकार दिसू लागतात.

युक्सिथिअस नावाचा हा माणूस, हॅलिमूस या वस्तीचा. वस्तीचा प्रमुख असताना त्याने लोकांकडची थकबाकी वसूल केली होती, म्हणून अनेकांचा त्याच्यावर राग. सभेचा सूत्रधार युबुलिडीस हा त्याचा वैरी. सभा शहरात भरवली. दिवसभर वेळ काढला आणि युक्सिथिअसचे नाव अंधार पडल्यावर पुकारले. म्हातारी माणसे केव्हाच गावाकडे परतली होती. तो सांगतो, उरलेले मतदार तीसच्या आत, आणि मोजली तेव्हा मते साठाच्या वर! एकेकाला दोन-दोन, तीन-तीन खडे दिले होते. नाव कापले गेले. न्यायालयात दाद मागता येत होती, पण तिथे हरला तर शिक्षा काय? गुलाम म्हणून विक्री.

त्याच्याविरुद्धचे पुरावे काय होते ते पाहा. त्याचा बाप परक्या ढंगात बोलायचा. कारण उघड होते. तो युद्धात कैद होऊन परमुलखात विकला गेला होता आणि कित्येक वर्षांनी परत आला होता. आई बाजारात फिती विकायची आणि एकेकाळी दुसऱ्याच्या घरी दाई होती; म्हणजे ती अथेन्सची असूच शकत नाही! डेमॉस्थेनीसने लिहून दिलेल्या भाषणात युक्सिथिअस उत्तर देतो की गरिबी स्वतंत्र माणसालाही हलकी कामे करायला लावते, तो गुन्हा नाही. आणि बाजारात कष्ट करणाऱ्यांना त्यावरून हिणवायला तर कायद्यानेच मनाई आहे. तो एकेक नातेवाईक उभा करतो, आजा, पणजा, चुलते, मामे, आणि म्हणतो की यांना विचारा.

जात पडताळणी समितीसमोर आम्ही हेच करत आलो आहोत. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा आणा. आज्याचा शाळेचा दाखला आणा. ज्या आज्याला शाळेच्या पायरीवर उभे केले नाही, त्याचा दाखला कुठून आणायचा? वाड्यावर राबणाऱ्या आजीच्या जन्माची नोंद कोणी करून ठेवली? बापाचे बोलणे, आईचे काम, घरातली रीत, यांवरून माणूस कोण ते बाकीचे लोक ठरवणार! ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसाममध्ये नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली आणि १९ लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली, तेव्हा आम्हाला युक्सिथिअसच आठवला. यादी करणे गैर नाही. परंतु यादीचा भार नेहमी कागद नसलेल्या गरिबावरच का पडतो? अथेन्समध्ये श्रीमंताच्या मातेचा व्यवसाय कोणी विचारला नसता.

आणि युक्सिथिअस निदान बोलू तरी शकत होता. ज्यांना बोलण्याचाही हक्क नव्हता त्यांची संख्या कितीतरी मोठी होती. अथेन्सच्या स्त्रीला मत नव्हते. न्यायालयात तिच्या वतीने तिचा पुरुष पालक उभा राही. भाऊ नसलेल्या मुलीला बापाच्या मालमत्तेसकट जवळच्या पितृकुळातल्या नातेवाइकाशी लग्न करावे लागे. बाहेरून येऊन स्थायिक झालेले कारागीर आणि व्यापारी कर देत, युद्धात लढत, पण पिढ्यानपिढ्या नागरिक होत नसत. खुद्द ॲरिस्टॉटल अथेन्समध्ये असाच परका रहिवासी होता!

सर्वांत तळाशी गुलाम. लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींत अरुंद बोगद्यांतून दिव्याच्या उजेडात ते राबत. निकिअस या सेनापतीने १,००० गुलाम खाणीला भाड्याने दिले होते, दर माणशी दर दिवशी एक ओबोल. पार्थेनॉनचे संगमरवरी खांब पाहून डोळे दिपतात, परंतु नगराच्या वैभवामागे हीही चांदी होती. इ.स.पू. ४१३ मध्ये युद्धाची संधी साधून वीस हजारांहून अधिक गुलाम पळून गेले, अशी नोंद थुसिडिडीजने केली आहे. त्यांत बरेच कसबी कारागीर होते. गुलाम सुखी होते असे सांगणाऱ्यांना हा एवढा आकडा पुरे. न्यायालयात गुलामाची साक्ष घ्यायची तर छळ करूनच घ्यायची, असा नियम होता. स्पार्टाची गत आणखी वाईट. तिथे हेलट नावाचा अख्खा समाज दास होता, आणि राज्याचे अधिकारी दर वर्षी त्यांच्याविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत, म्हणजे त्यांना मारल्याचे पाप लागू नये. हे हेलट मेसेनियात पुन्हा पुन्हा उठले आणि अखेर इ.स.पू. ३६९ मध्ये थीब्जच्या मदतीने स्वतंत्र होऊन त्यांनी आपले नगर उभारले.

तरीही उलटतपासणी प्रामाणिक असेल तर हेही नोंदवले पाहिजे. अथेन्समधल्या एरेक्थिऑन मंदिराच्या बांधकामाचे हिशेब दगडावर कोरलेले सापडले आहेत. त्यात नागरिक, परका आणि गुलाम एकाच कामावर एकत्र आहेत आणि तिघांची मजुरी सारखीच, दिवसाला एक ड्राक्मा. (गुलामाची मजुरी मालकाच्या खिशात जाई, हा भाग वेगळा.) एक सरंजामी लेखक चिडून लिहितो की अथेन्समध्ये गुलामाला रस्त्यात मारता येत नाही, कारण कपड्यांवरून नागरिक कोण आणि गुलाम कोण हेच कळत नाही! मानहानी आणि उन्मत्त अत्याचाराविरुद्धच्या त्यांच्या कायद्यात गुलामावरील अत्याचारही धरला होता आणि फिर्याद कोणत्याही नागरिकाला करता येई. अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधायला लावणारी पेशवाई ज्यांच्या पूर्वजांनी भोगली, त्यांना या फरकाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

हा फरक भगवान बुद्धांनी नेमका टिपला होता. मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्तात सोळा वर्षांचा अस्सलायन ब्राह्मणांच्या श्रेष्ठत्वाचा दावा घेऊन वादाला येतो. तथागत त्याला विचारतात की योन आणि कंबोज या सीमेवरच्या देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास. तिथे मालकाचा दास होतो आणि दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? योन म्हणजेच ग्रीक. चार वर्ण जर ब्रह्मदेवाने निर्माण केले असतील, तर सीमेपलीकडे ते नाहीसे कसे होतात? एका प्रश्नात वर्णव्यवस्थेचा दैवी पाया उखडला! आणि इतिहास साक्षी आहे की ते खरे होते. पॅसिऑन नावाचा गुलाम अथेन्समध्ये मुक्त झाला, नगरातला मोठा सावकार झाला, पुढे नागरिकही झाला. त्याचा गुलाम फॉर्मिऑन त्याच वाटेने गेला आणि पॅसिऑनच्या इच्छापत्राप्रमाणे त्याच्या विधवेशी त्याचे लग्न झाले. असे थोडेच होते, पण होते. गुलामगिरी भयंकर होती, मात्र ती जन्मभर सुटणारच नाही असे धर्माने ठरवलेले नव्हते. जात धर्माने ठरवलेली आहे. म्हणूनच बाबासाहेबांनी अस्पृश्यता गुलामगिरीहून वाईट ठरवली.

गुलामगिरीला तत्त्वज्ञान पुरवणारे ग्रीकांतही निघालेच. प्लेटोने आपल्या आदर्श राज्यात माणसांचे तीन वर्ग पाडले आणि ते टिकावेत म्हणून एक कथा रचावी असे सुचवले: देवाने कोणाच्या घडणीत सोने मिसळले, कोणाच्या चांदी, कोणाच्या लोखंड. पुरुषसूक्तात मुख, बाहू, मांड्या आणि पाय आले. इथे धातू आले. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये प्लेटोची ही वर्गवारी चातुर्वर्ण्याजवळ ठेवून तपासली आणि निकाल दिला की माणसांचे गुण असंख्य असतात, त्यांना तीन-चार खणांत कोंबणे अशास्त्रीय आहे. निदान प्लेटोने लोखंडाच्या घरी सोन्याचे मूल जन्मले तर त्याला वर घ्या असे म्हटले होते. मनूला तेवढेही सुचले नाही. ॲरिस्टॉटलने तर काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात असे लिहिले. पण त्याच पुस्तकात तो कबूल करतो की गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे, ती केवळ कायद्याची जबरदस्ती आहे, असे म्हणणारेही आहेत. अल्सिडामसच्या नावावर असे मत आहे की देवाने सर्वांना मुक्त सोडले आणि निसर्गाने कोणालाही गुलाम केले नाही. अँटिफॉनने सांगितले की ग्रीक आणि परके निसर्गतः सारखेच घडले आहेत. सगळे तोंडाने आणि नाकानेच श्वास घेतात. अश्वघोषाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या वज्रसूचीत हाच युक्तिवाद आहे: जनावरांच्या जाती पायावरून, खुरावरून ओळखू येतात, ब्राह्मण आणि शूद्राच्या पायांत फरक कुठला?

पण नशीब बघा. प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांचे ग्रंथ पिढ्यानपिढ्या जपले गेले; अँटिफॉनचे हे विचार विसाव्या शतकात इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या फाटक्या पपायरसातून मिळाले. समतेचे पुस्तक आधी हरवते, हा नियम दोन्ही देशांत सारखाच.

आणि हे ग्रीक आपल्याला परके तरी कुठे आहेत? सम्राट अशोकाने कंदाहारला आपला धम्मलेख ग्रीक भाषेत कोरवला. सिंहली परंपरा सांगते की कोकणाच्या अपरान्त प्रदेशात धम्म घेऊन आलेला थेर योनक धम्मरक्खित, म्हणजे ग्रीक होता. आणि नालासोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. राजा मिलिंद म्हणजे मिनॅन्डर. त्याला नागसेनांनी आधीच सांगितले होते की पंडितासारखी चर्चा करणार असशील तर करू, राजासारखी करणार असशील तर नाही. जुन्नरच्या लेण्यांत यवनांची दाने आहेत, कार्ल्याच्या चैत्यातले खांब धेनुकाकटच्या यवनांनी दिले आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उत्तरेकडच्या इंद्राग्निदत्त या यवनाने आपल्या मुलासह लेणे कोरवले; त्या मुलाचे नाव धम्मरक्खित. आणि त्याच डोंगरावर, काही पावलांच्या अंतरावर, गौतमीपुत्र सातकर्णीची प्रशस्ती आहे. तिच्यात त्याने यवनांचा नाश केला आणि चार वर्णांचा संकर थांबवला, अशी फुशारकी आहे! एकाच डोंगरावर दोन भारत कोरलेले आहेत. यवनाला धम्मात सामावून घेणारा एक, वर्णाची कुंपणे राखणारा दुसरा. सहलीला जाणाऱ्या प्रत्येक शाळकरी मुलाला हे दोन्ही लेख वाचून दाखवले पाहिजेत.

अथेन्सची लोकशाही कशी संपली? इ.स.पू. ३२२ मध्ये मॅसिडोनियाने तिचा पराभव केला आणि पहिली गोष्ट कोणती केली, तर मतासाठी २,००० ड्राक्मा मालमत्तेची अट घातली. एका फटक्यात हजारो गरिबांचे नागरिकत्व गेले. लोकशाही मारायची तर आधी गरिबाचे मत मारायचे, हे जेत्याला बरोबर कळत होते. बाबासाहेबांनाही ते कळत होते. म्हणून १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली, आणि तीही मालमत्ता व शिक्षणाच्या अटी सर्वमान्य असलेल्या काळात.

तर त्या मुलाला आमचे उत्तर असे. ग्रीकांनी लोकशाहीचे यंत्र फार सुंदर बनवले: चिठ्ठी, भत्ता, पाण्याचे घड्याळ, भिंतीवरचा कायदा. पण त्यात माणूस कोणाला म्हणायचे, हा प्रश्न त्यांनी सोडवला नाही. तो बुद्धाने सोडवला, ज्याच्या संघात उपाली न्हावी राजपुत्रांच्या आधी प्रव्रजित झाला आणि त्यांचा वंदनीय ठरला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेला आठवण दिली की या देशात एकेकाळी गणराज्ये होती आणि भिक्खू संघाला सभेचे नियम, ठराव, मतमोजणी हे सारे ठाऊक होते. तसेच बजावले की सामाजिक लोकशाहीवाचून राजकीय लोकशाही टिकणार नाही. हा इशारा अथेन्सलाही लागू पडतो. नगराची सभा टेकडीवर भरत होती आणि खाणीत माणसे मरत होती; ती लोकशाही दोनशे वर्षेही पुरी करू शकली नाही. आपले प्रजासत्ताक १९५० पासून चालू आहे. आजही गटारात उतरून माणसे मरतात, आजही आडनाव ऐकून दार बंद होते.

तेव्हा बाळ, उसनवारीची लाज बाळगू नकोस. क्लेइस्थेनीस वाच, युक्सिथिअसचा खटला वाच, अस्सलायन सुत्त वाच आणि संविधान सभेतली भाषणे वाच. मग पुढच्या रविवारी तूच उभा राहा आणि वर्गाला सांग. आम्ही खाली बसून ऐकू.